कडूबानं ळ कसा टिपला

कडूबा हे नाव ऐकलं की नवा माणूस आधी हसतो. हसू द्या. त्याच्या आईची आधीची लेकरं हाती लागली नव्हती, म्हणून ह्याच्या वेळी तिनं नावच असं ठेवलं की सटवीनंही तोंड वाकडं करून पुढच्या घरी जावं. पोरगा जगला. आज साठी ओलांडून परतूरच्या स्टेशन रोडवर दुकानापुढं खुर्ची टाकून बसतो आणि माझ्यापेक्षा दोन कप चहा जास्त पितो. त्या माउलीचे उपकार आधी मानतो, मग पुढचं सांगतो.

कडूबाचा बाप परतूरच्या मोंढ्यात मापाडी होता. मोंढ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. मग दोन, मग तीन. आणि माप भरलं की वर एक मूठ जास्तीची टाकायची, घेणाऱ्याच्या समाधानाची. कडूबाच्या कानात हे पाळण्यापासून बसलेलं. चौथीपर्यंत तो आमच्या गावी मामाकडं राहिला. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि आम्ही दोघं एका पोत्यावर बसायचो. गुरुजींनी अंक म्हणायला सांगितले की हा उभा राहून खणखणीत म्हणायचा, "लाभ, दोन, तीन." गुरुजींनी छडी मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाभ. शेवटी गुरुजीच थकले. म्हणाले, "बस खाली. तुझा लाभ कधी तरी कुणाच्या तरी कामाला येईल." गुरुजींची वाणी खरी व्हायला चाळीसएक वर्षं लागली, पण झाली, आणि ती माझ्याच लेकीच्या कामाला आली.

बापाच्या मागं मापाडी व्हायचं सोडून हा फोटोवाला कसा झाला, तेही मजेशीर आहे. जांब समर्थाच्या यात्रेत एक तंबूवाला फोटोग्राफर यायचा. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर विमान. माणसं विमानापुढं ताठ उभी राहायची. आमच्या गावची मालनबाई तर पडद्याजवळ जाताना चपला काढून गेली होती. विमानात चपला चालतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कडूबा त्या तंबूवाल्याला पाणी भरून द्यायला लागला आणि यात्रा उठली तसा त्याच्याबरोबर निघूनच गेला. परत आला तो गळ्यात कॅमेरा घालून.

त्याच्या स्टुडिओत एक स्टूल, दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि एक काळा कोट. गिऱ्हाइकानं अंगावर काहीही घालून यावं, फोटो कोटातच. आमच्या भागातल्या निम्म्या मास्तरांच्या नोकरीच्या अर्जावर तोच कोट आहे. बटण दाबायच्या आधी तो सगळ्यांना एकच मंत्र द्यायचा, "हालू नका. पापणी पाडू नका." आणि स्वतःचा फोटो मात्र कधी काढू द्यायचा नाही. त्या तंबूवाल्या उस्तादानं सांगितलं होतं म्हणे, फोटोवाल्याचा फोटो काढला की कॅमेरा रुसतो. लग्नांत नवरदेवाच्या मावसभावाच्या मित्राचासुद्धा फोटो निघायचा, पण कडूबाचा एकही नाही.

आता त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली परतूरला कॉम्प्युटरचा क्लास निघाला. माझी धाकटी लेक बेबीनंदा बारावी होऊन घरी बसलेली. ती म्हणाली, "आबा, मला तिथं जायचंय." मी आधी मशीन बघायला गेलो. दारातच शिकवणारे धर्मराज सर म्हणाले, "चपला बाहेर काढा, काका. धुळीनं मशीन बिघडतं." मला मालनबाईच आठवली. विमानापुढं तिनं जे केलं ते इथं नियमानं करायला लावत होते. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि चपला काढल्या.

ते मशीन इंग्रजीशिवाय काही लिहायचं नाही. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. बेबीला ते सलायला लागलं. तिनं गणिताच्या चौकटीच्या वहीत मराठी अक्षरं पाडली, एकेक चौकट काळी करून. मग कोणती चौकट पेटवायची आणि कोणती विझलेली ठेवायची, ते सगळं मशीनला टाइप करून सांगितलं. पहिलं नाव काढलं आईचं, साळूबाई. ळ काढता काढता पोरगी रडकुंडीला आली. चौकटींतून गोल येतच नव्हते. पण आला शेवटी. दोन्ही गोल सुबक, मधे हवा खेळती. साळूबाईला वाचता येत नाही. तरी तिनं काचेला बोट न लावता लांबून आपलं नाव पाहिलं आणि म्हणाली, "रांगोळीच काढली की गं."

अशात औरंगाबादहून खबर आली. काकासाहेब म्हणून एक छापखानेवाले शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं बंद करून कॉम्प्युटरवर मराठी अक्षरजुळणी सुरू करणार होते. एकच जागा. सोमवारी सकाळी येताना आपल्या कामाचा नमुना घेऊन यावं. बेबीच्या डोक्यात नमुना ठरलेला होता. तो बाहेर कसा काढायचा, हाच घोर. क्लासला छापायचं मशीन नव्हतं. फ्लॉपी ज्यात घालतात तो कप्पा बिघडलेला. वीज गेली की साळूबाई पुसली जायची, पुन्हा सगळं टाइप करायचं. मशीन तर उचलून नेता येत नव्हतं. बेबी जेवेना. म्हणाली, "आबा, मी केलंय, पण हातात दाखवायला काहीच न्हाई. नुसत्या तोंडानं सांगितलं तर कोण ऐकणार?"

मी म्हणालो, "दिसतंय ना? मंग त्याचा फोटो निघतो. चल कडूकडं."

शनिवारी दुपारी कडूबा तीन पायांचं तिकाटणं, कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन क्लासमध्ये आला. चपला काढल्या. मशीनपुढं तिकाटणं लावलं, तार जोडलेला फ्लॅश डाव्या हातात उंच धरला आणि सवयीनं म्हणाला, "हालू नका हां. पापणी पाडू नका."

"काका, कॉम्प्युटर आहे तो," बेबी म्हणाली.

"असू दे. सांगितलेलं बरं असतं." आणि आपल्याच बोलण्यावर हसत त्यानं बटण दाबलं.

काळा-पांढरा रोल तो स्वतःच धुवायचा, म्हणून संध्याकाळी फोटो हातात. काच काळीभोर. साळूबाईचा मागमूस नाही. काचेत एका बाजूला फ्लॅशचा तारा आणि मधोमध आरशात उभा असावा तसा कडूबा, हात वर करून हसताना. फोटो घरी नेला तर साळूबाई म्हणाली, "माझं नाव कुठंय ह्याच्यात? हे तर कडूभावजी हायेत." तिनं तो फोटो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिला. घरात आलेलं काही ती टाकत नाही.

रविवारी क्लासला सुट्टी होती, पण धर्मराज सरांनी किल्ली घेऊन स्वतः दार उघडलं. त्यांचेही उपकार आहेत. कडूबा म्हणाला, "आपल्या उजेडानं तिचा उजेड मारला. आज फ्लॅश बिलकुल न्हाई." मी घरून दोन घोंगड्या आणल्या होत्या. एक खिडकीला, एक दाराला. एप्रिलातलं परतूर, आत आम्ही चौघं आणि घोंगड्यांचा वास. भाजलेल्या कणसासारखी गत.

कडूबानं फोटो घेतले, पळत जाऊन धुतले आणि ओली पट्टीच घेऊन आला. उजेडात धरली तर काचेच्या मधल्या भागाचा एक आडवा पट्टा तेवढा उमटलेला. वर शिरोरेघ गायब, खाली पायही गायब.

"मशीन खराब हाये तुमचं," कडूबा सरांना म्हणाला.

"डोळ्यांनी तर पूर्ण दिसतंय, काका. कॅमेऱ्याचा पडदा अडकत असेल."

"परवाच्या लग्नात बराबर होता. नवरा-नवरी दोघं पुरे आलेत."

"मंग कोण खोटं बोलून राह्यलं?" मी म्हणालो.

"तू गप रे, रखमा. तू आंबा खा."

मी खरंच आंबा खात होतो. कुणी तरी खायला हवा होता, आणलेला होता. आंब्यामुळं एक माशी आली आणि माझ्या आणि त्या हिरव्या काचेच्या मधे घिरट्या घालायला लागली. मी हातानं हाकलली. पुन्हा आली. पुन्हा हाकलली, आणि हात तसाच धरून बसलो. कारण हात हलवला की माझी बोटं पाच दिसत नव्हती. बोटांच्या मागं बोटं, त्यांच्या मागं आणखी बोटं, पंख्यासारखी पसरलेली.

"कड्या," मी म्हणालो, "मला काही झालंय का बघ. माझी बोटं वाढून राह्यली."

कडूबानं आपला हात हलवला. बेबीनं पट्टी हलवली, तर पट्ट्यांचा झाडूच दिसला. सर हसले. म्हणाले, "बरोबर आहे. ही काच सगळी एकदम पेटत नाही. आतून एक किरण ओळीनं वरून खाली फिरतो, सेकंदात पन्नास-साठ वेळा. आपल्या डोळ्याला ते अखंड वाटतं."

कडूबानं काचेपुढं पुन्हा एकदा हात हलवून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजे एकच बाई हातात पोतेरं घेऊन भिंत सारवून राह्यली. मी डोळा उघडून लगेच मिटला, तर सारवलेला पट्टाच दिसणार. मशीन खोटं न्हाई अन् कॅमेराबी खोटा न्हाई. मीच जल्दी केली. तिचे चांगले धा-वीस फेरे होऊ द्यावं लागतील."

कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचे आकडे मात्र लग्नांतल्या गुलालानं कधीच अडकलेले. मग एकच उपाय उरला. बटण दाबून धरायचं तोवर डोळा उघडा, सोडलं की बंद. पण दाबताना कॅमेरा हलायचा आणि अक्षरं हलायची. तेव्हा कडूबाची नजर माझ्या डोक्यावर गेली. आमच्या वडिलांच्या सवयीनं मी काळी जाड टोपी घालायचो. त्यानं विचारलंसुद्धा नाही, उचलली. कॅमेऱ्याच्या तोंडापुढं टोपी धरायची, बटण दाबायचं, कॅमेरा शांत होऊ द्यायचा, मग टोपी बाजूला आणि पुन्हा टोपी पुढं.

"अन् टोपी बाजूला किती वेळ ठेवायची?" मी विचारलं.

"काटा सांगल की." कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारा काटा होता. काटा म्हणाला उजेड लई कमी, भरपूर वेळ ठेवा. कडूबानं ऐकलं. ह्या वेळी काच पुरी आली, साळूबाई पुरी आली, पण सुजून. कागदावर शाई फुटावी तशी अक्षरं फुगलेली. बेबीनं ओली पट्टी डोळ्याजवळ धरली आणि तिचा आवाजच बारीक झाला.

"काका, ळचे गोल बुजले."

मीही पाहिलं. ळ कसला, दोन बटाटे एकमेकांना चिकटून बसलेले. जे दाखवायला जायचं तेच बुजलेलं. दुपार कलली होती, सकाळच्या गाडीनं निघायचं होतं, आणि रोलमध्ये मोजकेच फोटो उरले होते.

कडूबा पोत्यावर बसावं तसा खाली बसला आणि त्या काचेकडं पाहत राहिला. मग अचानक म्हणाला, "रखमा, माझा बाप माप कसं घ्यायचा?"

"भरून घ्यायचा. अन् कसं?"

"रिकाम्या पोत्यात हात घालून ज्वारी किती, हे सांगायचा का?"

"कशाला सांगल?"

"मंग काटा तेच करून राह्यला. सगळी काच काळी, मधी चार हिरव्या रेघा. तो अंधार मोजून मला सांगतो, उजेड न्हाई. बेबी माय, तुझ्या मशीनला सांग, सगळी काच पेटव. एक चौकट रिकामी ठेवू नको. आधी भरलेलं माप घेतो, मग तुझं नाव आण."

बेबीनं टाइप केलं. काच काठोकाठ हिरवी झाली, आमची तोंडंही हिरवी झाली. काटा टुणकन वर गेला. कडूबानं वेळ मनात धरली, आणि तेवढ्यात वीज गेली.

रविवारची वीज. आली तर आली. घोंगडी सारून आम्ही पायरीवर बसलो. सरांनी चहा सांगितला. कडूबा टोपी मांडीवर घेऊन पुटपुटत होता. मी म्हणालो, "जप करून राह्यला का?"

"वेळ विसरू नये म्हणून म्हणून राह्यलो. लाभ म्हणायला जेवढं लागतं तेवढाच वेळ हाये तो. बराबर तेवढाच."

मी गुरुजींना मनातून नमस्कार केला.

उन्हं उतरल्यावर वीज आली. बेबीनं चौकटीची वही मांडीवर घेतली आणि पहिल्यापासून टाइप करायला बसली. आम्ही श्वाससुद्धा हळू घेत होतो. मधे दिवा एकदा मिचकला, तशी तिची बोटं थांबली. पण काच विझली नाही. साळूबाई पुन्हा आली, ळसकट.

कडूबानं टोपी पुढं धरली. बटण दाबलं. टोपी बाजूला, "लाभ", टोपी पुढं. मग म्हणाला, "काटा भरल्या मापाचं सांगतो, पण वरची मूठ सांगत न्हाई. अक्षर उजळ पाहिजे, तर मूठ टाकावीच लागल." दुसऱ्यांदा टोपी बाजूला आणि "लाऽऽभ." तिसऱ्यांदा दोन मुठी, "लाऽऽऽऽभ," मोंढ्यात बैल दचकतील असा. रोल संपला.

ह्या खेपेला आम्ही सगळेच त्याच्यामागं स्टुडिओत गेलो. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली त्यानं कागद औषधाच्या पाण्यात हलवला. पहिला फोटो फिका. तिसऱ्यात बटाटे पुन्हा डोकं वर काढायला लागलेले. दुसऱ्या कागदावर हळूहळू शिरोरेघ उमटली, मग सा, मग ळ. दोन्ही गोल उघडे, मधे हवा खेळती. अक्षरं अशी उजळ की काळ्या शेतात चांदणं पडलं असावं. खालच्या कोपऱ्यात मशीनच्या पांढुरक्या कडेवर एक काळा गोलसर डाग मात्र आला होता. माझ्या टोपीचा काठ. घाईत टोपी पुरती बाजूला झाली नव्हती.

"कापून टाकू का?" कडूबानं विचारलं.

बेबी म्हणाली, "राहू द्या, काका. नमुना कुणाकुणाचा आहे, ते दिसू द्या."

सोमवारी आम्ही बापलेक पहाटेच्या गाडीनं औरंगाबादला गेलो. छापखान्यात आणखी पोरं-पोरी होत्या, सुंदर हस्ताक्षरातले कागद घेऊन आलेली. काकासाहेबांनी बेबीचा फोटो घेतला, खिशातून भिंग काढलं आणि बाकी काही न बघता सरळ ळवर ठेवलं. जन्मभर खिळे जुळवलेला माणूस. कोणतं अक्षर दगा देतं, हे त्यांना माहीत होतं.

"हा ळ कुणी पाडला?"

"मी. चौकटीच्या वहीत आधी, मग मशीनवर."

"मशीन मराठी लिहितं?"

"न्हाई. त्याला लिहायला लावलं."

काकासाहेबांनी भिंग खाली सरकवलं. "अन् हे कोपऱ्यात काय?"

"आमच्या आबांची टोपी," बेबी म्हणाली आणि माशीपासून मुठीपर्यंत सगळं सांगितलं. काकासाहेब ऐकत राहिले. मग बाहेर बसलेल्या माझ्याकडं पाहिलं, माझ्या टोपीकडं पाहिलं आणि म्हणाले, "पोरगी पुढच्या सोमवारपासून येईल. टोपी तुम्ही घेऊन जा." मी आयुष्यात पुष्कळ हसलोय, पण त्या दिवशी गाडीत हसू आणि डोळ्यातलं पाणी एकदमच येत होतं. समोरच्या बाईनं मला प्यायला पाणी दिलं.

परतूरला उतरून घरी न जाता आम्ही पेढे घेऊन कडूबाकडं गेलो. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि पहिलं विचारलं, "ळ दिसला का?" दिसला म्हटल्यावर दुसरा पेढा घेतला. बेबी म्हणाली, "काका, आता तुम्ही स्टुलावर बसा. कोट घाला. आज मी बटण दाबते."

"न्हाई गं माय. कॅमेरा रुसंल."

तिनं हट्ट धरला नाही. पोरगी माझी असली तरी डोकं आईचं आहे, टाकायचं काही नाही. छापखान्यात ती शिकली, रुळली, पुढं तिथल्या सगळ्या मराठी कामावर तिचा हात फिरायला लागला. तिथं फोटो मशीनमध्ये घालून पुन्हा छापायची सोय आली, तशी एका दिवाळीला ती घरी आली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून तो पहिला फसलेला फोटो काढून घेऊन गेली.

नव्या वर्षाच्या तोंडाला ती स्टुडिओत एक गुंडाळी घेऊन आली. मीही होतो. उलगडली तर कॅलेंडर. वर काळ्या काचेत कडूबा, एक हात उंच, हातात तारा, तोंडभर हसू. खाली तिनंच पाडलेल्या अक्षरांत त्याचं नाव आणि स्टुडिओचं नाव.

कडूबानं चष्मा पुसला. जन्मात पहिल्यांदा स्वतःला कागदावर निरखून पाहत होता. मला वाटलं, आता कॅमेऱ्याचं रुसणं काढणार, नाही तर उस्तादाचं काही सांगणार. त्यानं कॅलेंडर दाराच्या उजेडात धरलं, जवळ घेतलं, लांब धरलं. लग्नाचे फोटो तपासताना बघायचा, तसं बघितलं.

"साळूवहिनीचं नाव आलं न्हाई ह्याच्यात, ती चूक माझी," तो म्हणाला. "पण माणूस बराबर आलाय. पापणीबी पाडलेली न्हाई."

ते वर्ष सरलं, पुढची कितीतरी सरली. कॅलेंडर अजून त्याच खिळ्याला आहे. मी गेलो की त्याच्याखाली बसतो, आणि कडूबा चहा सांगतो. पोऱ्या विचारतो किती, तर हा अजूनही बोट वर करून म्हणतो, "लाभ, अन् वर एक रखमाला."